राक्षसाला दिलेलं वचन

"माका राजा होवचा आसा," शेवंती म्हणाली आणि शाळेच्या पडवीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

दोन हजार पाच सालची गोष्ट. आमच्या गावच्या, खाजणवेळीच्या, सातेरी देवीच्या जत्रेत त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांचं दशावतारी नाटक उभं राहायचं होतं. तोवर या मांडावर, म्हणजे देवळासमोरच्या नाटकाच्या जागेवर, राजा पुरुष, राक्षस पुरुष आणि राणीसुद्धा पुरुषच. आम्ही खाली गोणपाटावर बसून त्या राणीकडे बघत 'काय मुरडता बघ मेलो' म्हणायचं, एवढाच आमचा दशावताराशी संबंध. म्हणून पात्रं वाटायच्या बैठकीला महिला मंडळाच्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. वरच्या वाडीतल्या शेतकरी घरच्या एका बाजूला, दर्यावाडीतल्या मासे विकणाऱ्या दुसऱ्या बाजूला. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या गावात ढुंगणाला आपली जागा बरोबर कळते.

मी मथुरा. वरच्या वाडीची, काजूच्या बागेवर पोट भरणारी, तोंडाने फटकळ. नाटकात माझ्याकडे झांज होती. अभिनय मला येत नाही, पण ताल चुकला तर मी देवालाही सोडत नाही.

आणि शेवंती म्हणजे सकाळी डोक्यावर टोपली घेऊन वाडीत शिरली की वाडीतली सगळी मांजरं जागी करणारी बाई. रंगाने काळी, अंगाने आडवी, आवाज वाऱ्याला ओरडून पिकलेला. भाव करताना असं बोलते की बांगडे घ्यायला निघालेली बाई सुरमई घेऊन घरी येते आणि वर खूश असते. मी कित्येक वर्षं तिच्याशी भांडते आहे, एकदाही जिंकलेली नाही.

"राजा?" मंडळाची अध्यक्ष यशोदा म्हणाली. "अगो, राजा गोरो होयो, उंच होयो. तेचा बोलणा शुद्ध होया."

"तुका राक्षस बरो," आमच्यातलंच कुणीतरी मागून म्हणालं. "रंग लावची पण गरज नाय."

हशा पिकला, तो आमच्या बाजूला. समोरच्या बायका आपापल्या पायांच्या नखांकडे बघत राहिल्या. शेवंतीने हसून दाखवलं, पण तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. माझं डोकंच फिरलं. मी झांज अशी आपटली की यशोदाच्या हातातला चहा सांडला.

"तोंडाक लावचो सफेदो कित्याक असता मगे?" मी ओरडले. "दाजी काय जन्मान राणी होते?"

दाजी पायपेटीमागे बसले होते. आमच्यातला एकटा पुरुष, आम्हाला नाटक शिकवणारा. अर्धं आयुष्य त्यांनी दशावतारी कंपनीत राणीची पात्रं केली होती आणि अजून पाणी प्यायला उठले तरी पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे जायचा. ते नुसते मिशीत हसले. बोलून उपयोग नव्हता, कारण राजा आधीच ठरलेला होता.

राजा होती रूपाली, बाबलीआबांची सून. आबा देवळाचे मानकरी. जत्रेत त्यांचा नारळ फुटल्याशिवाय कुणाचं काही सुरू होत नाही. रूपाली गोरी, उंच, कुडाळच्या कॉलेजात शिकलेली. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी आबांच्या समोर तिचा आवाज कसा आहे हे गावाला माहीत नव्हतं. तिला काही राजा व्हायचं नव्हतं.

"माका दासी चलात," ती पदर पुढे ओढत म्हणाली.

पण आबांनी यशोदाकडून निरोप धाडला होता. आमच्या घरातली बाई मांडावर चढणार तर राजा म्हणूनच चढेल. दासी नाही, आणि राक्षस तर नाहीच नाही. शिवाय हे एकच वर्ष. नाटक पडलं तरी आणि चढलं तरी पुढच्या वर्षी परत विचारायला यायचं नाही.

म्हणजे बघा, एकीला राजा व्हायचं होतं तर रंग आणि टोपली आडवी येत होती. दुसरीला व्हायचं नव्हतं तर सासऱ्याच्या इभ्रतीपायी व्हावं लागत होतं. आणि म्हणे आम्ही पात्रं वाटत होतो!

बैठक उठल्यावर मी शेवंतीबरोबर उतरणीपर्यंत गेले. ती रागावली असेल असं वाटलं होतं, पण ती रागाच्या पलीकडे कुठेतरी गेली होती.

"ल्हानपणापासून बघतंय गो मथुरा," ती म्हणाली. "राक्षस येता, धिंगाणो घालता आणि मरता. आमच्या वाडीची पोरा तेकाच टाळये मारतत. पण त्या बाकड्यार बसलेलो आमच्यासारको कोण दिसलो नाय. माका एकदा थंय बसान बघूचा आसा. थंयसून गाव कसो दिसता, ता."

दशावतार बघितलेल्याला ते बाकडं सांगायला नको. पडदा नाही, देखावा नाही, मांडावर फक्त एक लाकडी बाकडं. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, देव बसला की कैलास. राक्षस तेवढा कधी बसत नाही. तो बाकड्याभोवती नाचतो, गुरगुरतो आणि शेवटी त्याच्या पायथ्याशी पडतो.

तालमी सुरू झाल्या आणि आमची काय धमाल उडाली म्हणून सांगू! दाजींनी गोष्ट सांगितली. धर्मकेतू राजाच्या नगरातून तमासुर राक्षस देवीचा नंदादीप पळवतो, राजा त्याला गाठतो, वाद होतो, युद्ध होतं, राक्षस मरतो, दिवा परत देवीसमोर लागतो. बस्स. लिहिलेलं काही नाही. दशावतारात बोलणं ज्याने त्याने तिथल्या तिथे रचायचं असतं.

"कथा माजी, बोलणा तुमचा," दाजी म्हणाले. "पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शेवटाक दिवो लागाक होयो. आणि मांडार तोंडातसून सुटलेलो शब्द परत घेवचो नाय."

हे दुसरं आम्हाला सांगायची गरज नव्हती. गावातल्या लहान पोरालाही तळीच्या गाळाची गोष्ट ठाऊक आहे. मागे एका जत्रेत मोठ्या कंपनीचा राजा बोलण्याच्या भरात म्हणून गेला, 'हे देवी, तुझ्या तळीतला गाळ मी स्वहस्ते उपसेन!' नाटक संपलं, मंडळी सामान बांधायला लागली, तर आबा फावडं घेऊन हजर. 'देवीन ऐकल्यान,' एवढंच म्हणाले. राजा, राणी, नारद, सगळे तोंडावरचा रंगसुद्धा न उतरवता तळीत उतरले. तेव्हापासून आमच्या मांडावर येणारी प्रत्येक कंपनी वचन देताना दहादा विचार करते. आबांना या गोष्टीचा भारी अभिमान. पाहुणा आला की ती सांगितल्याशिवाय त्याला चहा मिळत नाही.

तालमीत दाजी आम्हाला पुरुषासारखं चालायला शिकवत. "पावला फाकया! छाती भायर!" ओरडता ओरडता स्वतः उठून दाखवायला गेले की चालणं हमखास राणीचं व्हायचं आणि आम्ही हसून लोळायचो. शेवंतीला चाल शिकवावी लागली नाही. ओल्या वाळूतून टोपली घेऊन चालणारी बाई फाकूनच पावलं टाकते. तिची अडचण जिभेची. यशोदाचा हट्ट होता की राक्षसानेही शुद्ध बोलायचं. शेवंती 'हे राजन्' म्हणायची आणि पुढे घशात काटा अडकल्यासारखी थांबायची.

रूपालीचं उलटं. शब्द शुद्ध, पण आवाज असा की राजा नगरीला उद्देशून बोलतो आहे की देव्हाऱ्यात पुटपुटतो आहे ते कळू नये. दाजी कपाळाला हात लावत. मला तर रात्री स्वप्नात आबा दिसायचे, 'बघलास? म्हणान सांगत होतंय' म्हणणारे.

जत्रेच्या दिवशी आम्हाला दिवेलागणीनंतरचा वेळ दिला होता. पुरुषांची मोठी कंपनी, तीच ती तळीत उतरलेली, नंतर. त्यांचे गडी आधीच रंगून तयार होते आणि गंमत बघायला रंगपटाच्या दाराशी दाटी करून उभे होते. माणसं तरी किती! गुळाच्या खाज्याची दुकानं ओस टाकून लोक मंडपात घुसले होते. पुढे आबांची खुर्ची, मागे वरची वाडी आणि कडेला, जिथे मंडपाचं छप्पर संपतं तिथे, सगळी दर्यावाडी. म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा आल्या होत्या. माझ्या हातातली झांज घामाने निसटत होती.

राजाचा प्रवेश झाला. डोक्यावर मुकुट, डिंकाने चिकटवलेली मिशी, कमरेला तलवार. काय रुबाब! रूपाली बाकड्यासमोर आली, समोर बघितलं आणि तिला आबा दिसले. तिथेच ती गोठली. तिचा हात सवयीने डोक्याकडे गेला, पदर ओढायला. पदर कुठला, तिथे मुकुट! मुकुट हातात आला तशी मंडपात खसखस पिकली. आबांनी घसा खाकरला. मेलो, मी म्हटलं, आपण इथेच मेलो.

मी झांज वाजवली. ताल नाही, काही नाही, नुसती खणखणून वाजवली, तिला जागं करायला. दाजींनी पेटीचा सूर वर चढवला. रूपालीने मुकुट नीट बसवला आणि बोट मिशीवरून फिरवलं. त्या मिशीने काय केलं ते सातेरीलाच ठाऊक, पण पोरीने तोंड उघडलं आणि आवाज आला तो थेट शेवटच्या रांगेपर्यंत!

"ऐका हो नगरजनहो! मी राजा धर्मकेतू! या सिंहासनावर मी बसतो तेव्हा माझ्यासमोर मान वर करण्याची कुणाची प्राज्ञा नाही!"

आणि बसली की ती बाकड्यावर, पायावर पाय टाकून, आबांच्या अगदी समोर! हीच का ती 'दासी चलात' म्हणणारी? मग ती थांबेचना. प्रधानाला झापलं, सेनापतीला झापलं, दोन ओळींच्या जागी दहा बोलली. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं सगळं बोलणं मिशीखालून बाहेर पडत होतं.

मग शेवंती आली. अशी आरोळी ठोकली की देवळामागच्या वडावरची पाखरं उडाली. तोंडावर तांबड्या रेघा, खांद्यावर केसांचं जंगल, हातात पळवलेला दिवा. बाकड्याभोवती तिने तीन गिरक्या घेतल्या आणि दर्यावाडीने जी शिटी मारली ती बंदरावरही ऐकू गेली असणार.

"दुष्ट तमासुरा!" रूपाली गरजली. "अंधाराच्या पोटी जन्मलेल्या काळ्याकुट्ट अधमा! देवीचा नंदादीप घेऊन तू कुठे पळणार?"

"हे राजन्..." शेवंतीने शुद्धात सुरुवात केली. "मी... मी तो दीप..." आणि अडकली. यशोदाने राणीच्या वेशात कपाळाला हात लावला. शेवंतीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कडेला बसलेल्या आपल्या वाडीकडे बघितलं आणि शुद्ध भाषा खड्ड्यात घातली.

"मेल्या, इतक्या आरडतंस कित्याक? मी बहिरो नाय!"

मंडप कोसळायचा तेवढा बाकी राहिला. हसता हसता लोक एकमेकांच्या अंगावर पडले.

"काळो म्हणतंस माका?" शेवंती बाकड्याला आडवी उभी राहिली. "दुपारी पानात बांगडो घेतंस तेव्हा ईचारतंस, कोणाच्या काळ्या हातान धरलेलो ता? तेव्हा चवीन खातंस!"

"अरे अधमा, तुझ्यामुळे माझी प्रजा अंधारात चाचपडते आहे!"

"खंयची प्रजा? आमच्या वाडीत तुजो उजेड इलो होतो कधी? तुज्या वाड्यापासून देवळापर्यंत खांबार खांब, आणि देवळाच्या खाली उतारलंस की काळोख! आमी रोज चाचपडतंव, तेव्हा तुका प्रजा दिसली नाय. आज एक दिवो आमच्याकडे इलो तर केदी बोंब!"

आता हसू थांबलं. कारण हे धर्मकेतूच्या नगराचं नव्हतंच. विजेचे खांब खरोखरच देवळापाशी संपतात, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून तिथे संपले हेही सगळ्यांना माहीत आहे. आबा खुर्चीत जरा पुढे सरकले. दर्यावाडीतून कुणीतरी "बोल गो शेवंती!" ओरडलं.

इथे राजाने तलवार उपसायची. गोष्ट तशीच होती. पण रूपाली उपसेना. ती बाकड्यावरून उठली होती, राक्षसाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. समोरची बाई तिच्या सासऱ्याच्या तोंडावर हे बोलत होती, आणि इतकं सुरेख बोलत होती! पोरगी नाटकात अशी रंगली की आपण कोण हेच विसरली. तिने दोन्ही हात वर केले.

"शाबास तमासुरा, शाबास! तुझ्या वाणीवर मी प्रसन्न झालो आहे. माग! तुला हवं ते माग!"

दाजींची बोटं पेटीवर थांबली. "अगो बाय माजे," ते माझ्या कानाशी म्हणाले, "ह्या देवाचा वाक्य! देव भक्ताक सांगता ता. राजा राक्षसाक न्हय!"

पण शब्द सुटला होता. लहानपणापासून दशावतार ऐकून ऐकून पाठ झालेलं वाक्य, भलत्या पात्राच्या तोंडून, भलत्याला गेलं होतं. रूपालीच्याही ते ध्यानात आलं. मिशीवर घाम दिसायला लागला.

शेवंतीने दिवा खाली ठेवला आणि कमरेवर हात घेतले. ही तिची भाव करताना उभं राहायची पद्धत. मला ती चांगली ओळखीची आहे.

"काय मागान ता?"

"काय... मागशील ते."

"वचन?"

"वचन."

"मगे कमी-जास्ती करूचा नाय हां."

मंडपात परत हशा उसळला. "जीव माग गो!" दर्यावाडीतून हाका आल्या. "राज्य माग! मराचा नाय, शेवंत्या, आज मराचा नाय!" आणि मागितलाच असता तिने जीव, तर? राजा वचनात बांधलेला, राक्षस मरणार नाही, दिवा परत येणार नाही, नाटक अधांतरी. मग आबा उठणार आणि सगळ्या गावाला सांगणार की बायकांना नाटक संपवतासुद्धा येत नाही. पुढची शंभर वर्षं आम्ही पुन्हा गोणपाटावर.

शेवंती बाकड्याभोवती फिरली, या वेळी न नाचता. पापलेट ताजं आहे का बघावं तसा तिने बाकड्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती राजासमोर येऊन उभी राहिली.

"राजा, माका जीव नको," ती म्हणाली. "आज मी मरतंय. चांगलो मरतंय, सगळ्यांनी बघीत रवाचा असो मरतंय. तुजो दिवोय परत देतंय. पण पुढच्या जत्रेक ह्याच मांडार, ह्याच देवीच्या समोर, ह्या बाकड्यार राजा म्हणान मी बसतलंय. मुकुट माज्या डोक्यार. आणि राक्षस..." तिने बोट रूपालीच्या छातीवर रोखलं. "राक्षस तू!"

मी झांजेचे दोन्ही हात हवेत धरून बसले होते. मंडपात खाज्याचा कागद वाजला तरी ऐकू आला असता. पुढच्या जत्रेक! अगो शेवंत्या! म्हणजे पुढच्या वर्षी नाटक झालंच पाहिजे, बायकांचंच झालं पाहिजे, आणि राजा दर्यावाडीचा!

आता सगळं रूपालीवर होतं. तिने मान वळवली आणि आबांकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. आबांनी अगदी बारीक मान हलवली. नाही. मी ती हललेली पाहिली, रूपालीनेही पाहिली. तिचा हात पुन्हा डोक्याकडे निघाला. पण हात मुकुटाला लागला, तो तिने घट्ट खाली दाबला आणि हात तलवारीवर आला.

"दिलंय!" ती ओरडली. शुद्ध मराठी, राजाचं वजन, सगळं विसरून ओरडली. "दिलंय गो शेवंत्या, दिलंय! देवीच्या साक्षीन दिलंय! पुढच्या वर्सा राक्षस मी!"

मी झांज वाजवली की ती आपोआप वाजली, आठवत नाही. दाजी रडत पेटी वाजवत होते. आणि मग जे युद्ध झालं! दोघी अशा नाचल्या की फळ्या थरथरल्या. लाकडाच्या तलवारी, पण ठिणग्या पडतील असं वाटत होतं, आणि दोघींच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. शेवंतीने शब्द पाळला. मेली, आणि काय मेली! पडली, उठली, दर्यावाडीचा निरोप घेतला, परत पडली, यशोदाच्या पायावर लोळली, पुन्हा उठून आबांना नमस्कार केला आणि बाकड्याच्या पायाला मिठी मारून एकदाची गतप्राण झाली. टाळ्या थांबेनात. रूपालीने दिवा देवीसमोर ठेवला. नाटक जसं संपायला हवं तसंच संपलं.

आबा उठले.

"नाटकातला बोलणा ता," आबा म्हणाले. "तेचा काय मनार घेतास?"

रंगपटाच्या दारात मोठ्या कंपनीचा मालक उभा होता, इंद्राच्या वेशात. त्याच्या मागे सगळे देव, दानव, नारद.

"आबांनू," तो अगदी अदबीने म्हणाला, "आमी तळीत उतारलंव तेव्हा ता नाटकातला नव्हता?"

काय हसले लोक! वरची वाडी हसली, खालची हसली, मेलेला राक्षससुद्धा पडल्या पडल्या गदगदत होता. आबांचा चेहरा लालबुंद झाला. ते देवीकडे वळले, मग सुनेकडे. ती मिशीसकट उभी होती, पदर नव्हता, मान खाली नव्हती.

दाजी पेटीवरून हळूच म्हणाले, "देवीन ऐकल्यान, आबांनू."

आबांनी सुस्कारा सोडला. "राजा आमच्या घरातलोच होयो म्हणान मीच सांगलंय," ते म्हणाले. "आता आमच्या घरातल्यान दिलेलो शब्द मोडतलो कोण?" आणि खुर्ची मागे सारून निघाले. जाता जाता थांबले. "पुढच्या वर्सा मिशी बरी चिकटवा. एका बाजून सुटली ती."

शेवंती ताडकन उठून बसली. "मेलंय तरी ऐकलंय हां मी!" ती म्हणाली आणि आम्ही सगळ्या तिच्या अंगावर पडलो.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडत होते. एवढ्यात आबांच्या घराकडून एक आरोळी आली, कोवळी, मध्येच फाटलेली, पण राक्षसाचीच. फणसावरचे कावळे उडाले. पुढची जत्रा वर्षभर लांब, आणि बाईने तालीम सुरू केली होती, तीही सासऱ्याच्या अंगणात!

तेवढ्यात शेवंती टोपली घेऊन पाणंदीतून वर येत होती. आरोळी ऐकून ती आबांच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, थांबली. टोपली डोक्यावर तशीच ठेवून तिने मान ताठ केली, एक पाय पुढे टाकला आणि घशात काटाबिटा काही न अडकता, खणखणीत शुद्ध मराठीत विचारलं,

"कोण आहे रे तिकडे? राजा दारात उभा आहे!"